खेळ फुकट, नाव दगडावर

गुरुवार, रोम

रोमला पोचल्या पोचल्या कोलोसियम गाठायचं नाही, असं ताईने आणि मी आधीच ठरवलं होतं. आधी रथ, मग नाटक, मग धावपटूंचं मैदान आणि तलवारी सगळ्यात शेवटी. रोमन माणसाच्या करमणुकीचं गणितही काहीसं असंच होतं. इ.स. ३५४ सालची एक दिनदर्शिका उपलब्ध आहे. तिच्यात नाटकांचे शंभराहून जास्त दिवस आहेत, रथशर्यतींचे साठाहून जास्त आणि तलवारी घेऊन लढणाऱ्या ग्लॅडिएटरांचे अवघे १०. सिनेमावाल्यांनी आपल्या डोक्यात हे प्रमाण पार उलटं करून ठेवलंय.

सर्कस मॅक्सिमस, म्हणजे रथशर्यतींचं मैदान, आज पॅलॅटाइन आणि अ‍ॅव्हेंटाइन या दोन टेकड्यांमधलं एक लांबलचक गवताळ खोरं आहे. सकाळी तिथे कुत्री फिरवणारी आणि पळणारी माणसं होती. दगड बघायला आलेली माणसं पाच मिनिटांत परत फिरतात, कारण दगड उरलाय तो फक्त पूर्वेकडच्या वळणाशी. तिथे कमानी आहेत, दुकानांचे गाळे आहेत आणि मधेच बाराव्या शतकातला एक बुरूज. पण सव्वासहाशे मीटरच्या आसपासची ती लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं, की मग अंदाज येतो. इथे दीड लाख माणूस बसायचा. रोमन लेखक प्लिनी तर अडीच लाख म्हणतो.

शर्यत सात फेऱ्यांची. मधल्या कण्यावर लाकडी अंडी आणि डॉल्फिन लावलेले असत आणि दर फेरीला त्यातलं एक खाली केलं जाई. कण्यावरच्या दोन इजिप्शियन स्तंभांपैकी एक आज पियाझ्झा देल पोपोलोच्या चौकात उभा आहे, दुसरा लॅटरनला. एका बाजूला १२ फाटकं, त्यांतून रथ एकदम सुटायचे. लाल, पांढरा, निळा आणि हिरवा असे चार रंग. माणूस एकदा निळ्यांचा झाला की जन्मभर निळ्यांचाच.

डायोक्लीज नावाचा लुसिटानियातला, म्हणजे आजच्या पोर्तुगालकडचा सारथी २४ वर्षं धावला. ४,२५७ शर्यतींपैकी १,४६२ जिंकून बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याची कमाई शिलालेखात शेवटच्या नाण्यापर्यंत नोंदली आहे : ३,५८,६३,१२० सेस्टर्स. त्या काळी साध्या शिपायाला वर्षाला १,२०० सेस्टर्स मिळत. ताईने तिथेच मोबाईलवर भागाकार केला. शिपायाला एवढे पैसे मिळवायला जवळजवळ तीस हजार वर्षं लागली असती.

"आणि तिकीट किती होतं?" तिने विचारलं.

तिकीट नव्हतंच. हे लक्षात आल्यावर या सगळ्या वास्तूंकडे बघण्याची आमची नजर बदलली. खेळ विकला जात नसे, दिला जाई. देणारा कधी नुकताच निवडून आलेला अधिकारी, कधी बापाच्या नावाने खेळ देणारा मुलगा, पुढे स्वतः सम्राट. रोममधले पहिले नोंदलेले ग्लॅडिएटर इ.स.पू. २६४ चे. ब्रूटस पेराच्या मुलांनी बापाच्या उत्तरकार्यात गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या. तिथून पुढे जो तो आदल्यापेक्षा मोठा खेळ द्यायच्या मागे लागला. आपल्याकडे दहीहंडीच्या मैदानाला चारी बाजूंनी फ्लेक्स लागतात, आणि गोविंदांच्या फोटोपेक्षा 'सौजन्य'वाल्या दादांचा फोटो मोठा असतो. रोमने तेच केलं, फक्त फ्लेक्सच्या जागी संगमरवर वापरला.

असं देणं अंगाशीही येई. पाँपी या सेनापतीने इ.स.पू. ५५ मध्ये आपल्या नव्या नाट्यगृहाच्या उद्घाटनानिमित्त याच सर्कसमध्ये सुमारे २० हत्ती मारण्यासाठी उतरवले. हत्तींनी लोखंडी कठडा तोडून सुटायचा प्रयत्न केला. मग सुटका नाही असं कळल्यावर ते सोंडा उंचावून असं काही आक्रंदू लागले की प्रेक्षक रडत उठले आणि त्यांनी पाँपीलाच शिव्याशाप दिले. खेळाचा सगळा खर्च त्याचा आणि शापही त्यालाच. पुढे सीझरने प्रेक्षक आणि जनावरं यांच्यामध्ये पाण्याचा चर खणला तो या प्रसंगावरूनच.

दुपारी ते नाट्यगृह शोधायला गेलो. शोधायलाच लागतं, कारण ते जमिनीवर दिसत नाही. कांपो दे फ्योरीच्या मागे व्हिया दि ग्रोत्ता पिंता नावाची गल्ली आहे आणि तिच्यातली घरं अर्धवर्तुळात वळलेली आहेत. ते वळण म्हणजे पाँपीच्या बैठकांचं. आजच्या घरांचे पाये त्याच्याच भिंतींवर आहेत, तळघरातल्या खानावळींत जेवताना त्या भिंती दिसतात. रोममध्ये तोवर कायमचं दगडी नाट्यगृह नव्हतं. लाकडी मंच उभारायचे, खेळ झाला की मोडायचे. एकदा दगडी बांधायला घेतलं होतं तेही सिनेटने पाडायला लावलं. जनता आरामात एका जागी बसू लागली तर बिघडेल, हे कारण. पाँपीने पळवाट काढली. बैठकांच्या वर मधोमध व्हीनसचं देऊळ बांधलं आणि हे देऊळच आहे, खालच्या त्या नुसत्या पायऱ्या, असं सांगितलं. याच संकुलाच्या दुसऱ्या टोकाच्या सभागृहात इ.स.पू. ४४ मध्ये सीझरला भोसकलं. ती जागा लार्गो अर्जेंतिनाच्या खड्ड्यात आहे.

मार्सेलसचं नाट्यगृह मात्र डोळ्यांत भरतं. खाली सम्राट ऑगस्टसच्या काळातल्या कमानी आणि त्यांच्या डोक्यावर सोळाव्या शतकातला महाल. त्यात आजही माणसं राहतात, वरच्या खिडकीत कुंड्या दिसल्या. मार्सेलस हा ऑगस्टसचा भाचा आणि जावई, इ.स.पू. २३ मध्ये ऐन तारुण्यात वारला, म्हणून त्याचं नाव. इथल्या अर्पणसोहळ्यात, इ.स.पू. ११ मध्ये, रोममध्ये पहिल्यांदा पिंजऱ्यातला माणसाळलेला वाघ दाखवला, असं प्लिनी लिहितो. त्याआधी काही वर्षं सामोस बेटावर ऑगस्टसला भेटायला हिंदुस्थानातून एक वकिलात आली होती आणि तिने त्याला वाघ नजर केले होते. पिंजऱ्यातला वाघ त्यांच्यापैकीच होता का, याचा पुरावा नाही. आम्ही दोघींनी मात्र तो आपलाच धरला.

संध्याकाळी पियाझ्झा नावोना. हा लांबट, एका टोकाला गोल असलेला चौक म्हणजे सम्राट डोमिशियनच्या क्रीडांगणाची धावपट्टीच. बैठकांच्या जागी घरं आली, मधली जागा मोकळी राहिली. रोमनांना ग्रीक पद्धतीच्या उघड्या अंगाच्या कसरती फारशा मानवल्या नाहीत. आइस्क्रीम मात्र छान मिळालं.

शुक्रवार, कोलोसियम

सकाळची वेळ आरक्षित केली होती, तळघरासकट. तळघराचं तिकीट वेगळं असतं आणि लवकर संपतं. जाणाऱ्यांनी आधीच बघून ठेवावं, कारण खरा माल तिथेच आहे.

आत शिरल्यावर ताई वर बघायच्या ऐवजी खाली आणि कडेला बघत होती. तिची सगळी नोकरी पूल आणि कालवे बांधण्यात गेली. "एवढी माणसं आत कशी घेतली ते सोड," ती म्हणाली, "बाहेर कशी काढली ते बघ." तळमजल्यावर ८० कमानी आहेत. त्यांतल्या मुख्य अक्षांवरच्या चार बिनक्रमांकाच्या, खाशांसाठी आणि खेळाडूंसाठी. उरलेल्या ७६ वर आकडे कोरलेले होते. उत्तरेची बाजू अजून पूर्ण उभी असल्याने २३ ते ५४ हे आकडे आजही कमानींवर वाचता येतात. प्रत्येकाकडे प्रवेशाची खूण असे, त्यावरून आपली कमान, आपला जिना, आपली रांग. एका दर्जाचा माणूस दुसऱ्या दर्जाच्या माणसाच्या वाटेत आडवा येऊ नये अशीच जिन्यांची रचना आहे.

खाली रिंगणालगत सिनेटर, त्यांच्यावर घोडेस्वार वर्गातले श्रीमंत, मग साधे नागरिक आणि सगळ्यात वर, लाकडी बाकांवर, गरीब माणसं आणि बायका. सर्कसमध्ये बायका-पुरुष शेजारी शेजारी बसत. त्यावरून ऑगस्टसच्या काळातल्या एका कवीने तरुणांना चावट सल्लेही दिले होते : मुलीच्या मांडीवर धूळ पडली तर झटका, नसली पडली तरी झटका. इथे तसलं काही शक्य नव्हतं. इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसने उद्घाटन केलं तेव्हा पुरोहितांच्या एका मंडळाला कुठल्या मजल्यावर किती फूट जागा मिळाली याची नोंद दगडावर आहे. म्हणजे जागा खरोखरच फुटांत मोजून वाटलेली.

आता पैसे. पहिल्या मजल्यावर एक दगड मांडलाय. त्यावर पाचव्या शतकातल्या दुरुस्तीचा लेख कोरलेला आहे. पण नीट पाहिलं तर त्या अक्षरांशी संबंध नसलेली बारीक भोकंही दिसतात. ती आधीच्या पितळी अक्षरांच्या खुंट्यांची. १९९५ मध्ये गेझा आल्फोल्दी या अभ्यासकाने नुसत्या भोकांच्या मांडणीवरून मूळ मजकूर जुळवला : सम्राट व्हेस्पेशियनने हे नवं प्रेक्षागृह लुटीच्या पैशातून बांधवलं. लूट म्हणजे इ.स. ७० ची, जेरुसलेमची. बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की टायटसच्या कमानीवर ती लूट मिरवणुकीत नेतानाचं शिल्प दिसतं, सात फाट्यांच्या दीपवृक्षासकट. ज्या जागेवर आधीच्या सम्राट नीरोने आपल्या खासगी महालाचं तळं खणलं होतं ती बुजवून व्हेस्पेशियनने तिथे लोकांसाठी बांधकाम केलं. नीरोने घेतलेली जमीन आम्ही परत दिली, हा निरोप रोममधल्या अडाण्यालाही कळला असणार. बिल कुणी भरलं, हे मात्र त्या भोकांतूनच वाचावं लागतं.

तळघर डोमिशियनच्या काळातलं. रिंगणाची लाकडी जमीन आता बहुतेक उडाली आहे, त्यामुळे वरून हा सगळा विटांचा चक्रव्यूह दिसतो. खाली उतरलं की थंड लागतं. उभ्या चरांतून पिंजरे दोरखंडांनी वर चढवायचे, खाली माणसं गरगर चाक ओढत असायची आणि वर दार उघडून जनावर अचानक वाळूत प्रकट व्हायचं. असा एक पाळणा २०१५ मध्ये पुन्हा बांधून ठेवलाय. तो बघताना मला वरच्या सिंहापेक्षा खालच्या माणसांचा विचार जास्त आला. त्यांच्यातल्या कुणी वरचा खेळ कधी पाहिला असेल?

उद्घाटनाचे खेळ १०० दिवस चालले आणि त्यांत ९,००० जनावरं मारली, असं इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. प्रेक्षकांवर ऊन येऊ नये म्हणून वर प्रचंड कापडी छत ओढलं जाई. ते काम मिसेनम बंदरावरच्या आरमाराच्या खलाशांचं, कारण शिडं आणि दोर त्यांनाच कळत. त्यांची वेगळी बराक जवळच होती. ग्लॅडिएटरांची मोठी तालीम, लुडुस माग्नुस, तर रस्त्यापलीकडेच आहे. अर्धं रिंगण उघड्यावर दिसतं, कठड्याला टेकून फुकट बघता येतं. इथून भुयारातून ते थेट कोलोसियमखाली यायचे.

मरताना म्हणायचा तो प्रसिद्ध सलाम, "आम्ही मरणारे तुला वंदन करतो", हा इथे कुणी म्हटल्याची नोंद नाही. तो एकदाच नोंदलाय, इ.स. ५२ मध्ये फुचिनो तळ्यावर, सम्राट क्लॉडियससमोर, आणि तेही ग्लॅडिएटर नव्हते, नौकायुद्धाच्या खेळासाठी आणलेले शिक्षा झालेले कैदी होते. बाहेर प्लास्टिकचं शिरस्त्राण घातलेले लोक फोटोसाठी हेच वाक्य ओरडत होते.

शनिवार, सांता मारिया कापुआ वेतेरे

एक सूचना : जुनं कापुआ बघायचं असेल तर कापुआ स्टेशनवर उतरू नका. नवव्या शतकात जुनं शहर जळाल्यावर लोक नदीकाठी सरकले आणि शहराचं नावही सोबत घेऊन गेले. जुन्या जागेवरच्या गावाचं आणि स्टेशनचं नाव सांता मारिया कापुआ वेतेरे. रोमहून साध्या पॅसेंजरने आलो. गाडी रमतगमत येते, बॅगा स्टेशनाबाहेरच्या एका कॉफीच्या दुकानात ठेवता आल्या.

प्रेक्षागृह कोलोसियमच्या खालोखाल मोठं, सुमारे १६७ मीटर लांब. आम्ही होतो तितका वेळ तिथे आमच्याशिवाय एक शाळकरी सहल आणि दोन मांजरं. बाहेरच्या ८० कमानींपैकी दोनच पूर्ण उभ्या आहेत. बाकीचा दगड आसपासच्या इमारतींत गेला. कमानींच्या मधल्या दगडांवर देवांचे मुखवटे कोरलेले होते, त्यांतले काही आज नव्या कापुआच्या नगरपालिकेच्या दर्शनी भिंतीत बसवलेत. तळघर मात्र चांगलं आहे आणि इथे ते कुणी घाई न करता बघू देतं.

कापुआ म्हटलं की स्पार्टाकस, गुलामांच्या उठावाचा म्होरक्या झालेला ग्लॅडिएटर. इ.स.पू. ७३ मध्ये लेंटुलस बाटिएटसच्या तालमीतून तो पळाला. चरित्रकार प्लुटार्क म्हणतो, २०० जणांनी बेत केला होता, तो फुटला, तरी ७८ निसटले. हातात काय, तर स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळया. बाहेर रस्त्यात त्यांना ग्लॅडिएटरांच्या शस्त्रांनी भरलेल्या गाड्या भेटल्या, त्या त्यांनी लुटल्या. आज उभं आहे ते प्रेक्षागृह त्याच्यानंतर दीडएकशे वर्षांनी बांधलेलं, त्याच्या काळचं शेजारीच होतं, ते लहान. हे फलकावर लिहिलंय, पण शाळकरी सहलीच्या बाईंनी ते मुलांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलांचा उत्साह निम्म्यावर आला असता, हेही खरं.

इथल्या शिलालेखात वाटणी स्पष्ट आहे : बांधलं गावाने, दुरुस्त करून पुतळे आणि खांब दिले सम्राट हेड्रियनने, अर्पण केलं सम्राट अँटोनायनस पायसने. लढणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव अशा लेखात नसतं. स्पार्टाकसच्या उठावात हाती लागलेल्या ६,००० जणांना क्रॅसस या सेनापतीने कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर क्रुसावर चढवलं, इ.स.पू. ७१. आम्ही सकाळी रोमहून कापुआला आलो होतो. अंतर कळायला ती पॅसेंजर बरी पडली.

रात्री नेपल्स. पिझ्झ्याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय.

रविवार, पोत्सुओली

नेपल्सहून मेट्रोच्या २ क्रमांकाच्या गाडीने पोत्सुओलीला गेलो. स्टेशनपासून चालत प्रेक्षागृह. जुनं नाव पुटेओली. रोमजवळच्या ओस्टियाचं बंदर मोठं होईपर्यंत रोमला लागणारा पूर्वेकडचा माल इथे उतरायचा. मिरी, मलमल, हस्तिदंत इजिप्तमार्गे येई, आणि आफ्रिकेतली जनावरंही जहाजांनी या किनाऱ्याला लागत. गावात पैसा होता आणि तो दाखवायची हौसही होती. दारावरच्या लेखात गावाने लिहून ठेवलंय : 'स्वतःच्या पैशाने'. मला हे फार आवडलं. सम्राट नाही, लूट नाही, वर्गणी.

आकार १४९ बाय ११६ मीटर. वरच्या बैठका बऱ्याच गेल्या, पण खालचं सगळं राहिलं, कारण ते ज्वालामुखीच्या राखेने आणि मातीने भरून गेलं होतं. विटांच्या कमानी, पिंजऱ्यांचे कोनाडे, छतात रांगेने चौकोनी झरोके आणि मधून पडणारा उजेड. कोलोसियमचं तळघर कळायला डोकं लावावं लागतं. इथे उभं राहिलं की कळतं, पिंजरा कुठे ठेवायचा, कुठून वर न्यायचा, सळसळती वाळू कुठून खाली पडायची. ताई भिंतीला हात लावून म्हणाली, "हा चुना बघ. यात इथलीच राख आहे." पोत्सुओलीची राख चुन्यात मिसळली की ते पाण्याखालीही घट्ट होतं. रोमन बंदरं त्यावर उभी राहिली. मग तिने मला पाऊण तास काँक्रीट समजावलं. ते मी वाचकांना समजावणार नाही.

परंपरा सांगते की नेपल्सचा संत जेन्नारो याला ३०५ मध्ये इथे अस्वलांपुढे टाकायची शिक्षा झाली होती. पुढे ती बदलून त्याचा शिरच्छेद झाला. आत त्याचं छोटं देऊळ आहे.

पुटेओलीत याच्या आधीचं, लहान प्रेक्षागृहही होतं. इ.स. ६६ मध्ये आर्मेनियाचा राजा तिरिदातेस नीरोकडून मुकुट घ्यायला निघाला होता, तेव्हा त्याच्या मानार्थ पुटेओलीत खेळ झाले. पाहुण्या राजाने आपल्या आसनावरूनच जनावरांवर बाण सोडले आणि एका बाणात दोन बैल लोळवले म्हणे. डिओ स्वतःच पुढे जोडतो, विश्वास ठेवायचा असेल तर.

परत येताना बंदराजवळचा बाजार पाहिला. तीन उंच खांब आहेत, त्यांना मधल्या उंचीवर समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत. म्हणजे ही जमीन समुद्रात खाली गेली आणि परत वर आली. ती अजून हलते. १९८२ ते ८४ या काळात ती सुमारे १.८ मीटर वर आली आणि सध्याही भूकंपाचे हादरे चालू असतात. आम्ही मासे खाल्ले, हादरा बसला नाही.

सोमवार, नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय

इथे येण्याचं माझं कारण एकच चित्र. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई गावातल्या एका घराच्या भिंतीवरून काढून आणलेलं. वरून पाहिलेलं प्रेक्षागृह, त्यावर अर्धं ओढलेलं छत, शेजारी व्यायामाचं पटांगण आणि पोहण्याचा हौद. आणि सगळीकडे मारामारी : रिंगणात, बैठकांवर, जिन्यावर, बाहेर झाडांखाली. झाडांखाली फेरीवाल्यांचे तंबूही आहेत.

ही इ.स. ५९ ची दंगल. इतिहासकार टॅसिटसने ती नोंदली. पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुसेरियाचे लोक खेळ बघायला जमले होते. आधी टोमणे, मग शिव्या, मग दगड, शेवटी तलवारी. नुसेरियाचे कितीतरी लोक मेले. प्रकरण रोमच्या सिनेटपुढे गेलं. पॉम्पेईत असले खेळ भरवायला १० वर्षं बंदी आणि खेळ देणारा लिव्हिनियस रेगुलस हद्दपार. हा माणूस आधीच सिनेटमधून काढून टाकलेला. गेलेली पत परत मिळवायला खेळ द्यायला गेला आणि गावातूनच गेला.

मजा अशी की कुणीतरी हे चित्र आपल्या घरात काढून घेतलं. ज्या मारामारीबद्दल गावाला शिक्षा झाली ती भिंतीवर मिरवायची! मला वाटतं, घरमालक जिंकलेल्या बाजूचा होता.

पुढच्या दालनात पॉम्पेईच्या बराकीत सापडलेली शिरस्त्राणं. पितळी, जड, रुंद काठांची, काहींवर नक्षी इतकी बारीक की ही लढायला होती की मिरवायला, असं वाटतं. डोळ्यांपुढे जाळी. त्यातून समोरचा किती दिसत असेल?

संग्रहालयात आलोच होतो म्हणून हस्तिदंताची ती छोटी मूर्तीही पाहिली, १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात सापडलेली. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणायची पद्धत पडली आहे. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत आणि ही तिकडूनच गेली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. ताई काचेजवळ बराच वेळ उभी राहिली. "तेरहून इथवर," ती म्हणाली, "आणि आपण विमानात पाय दुखले म्हणून कुरकुरत होतो."

मंगळवार, पॉम्पेई

नेपल्सहून जाणारी लोकल खच्चून भरलेली होती. पाण्याच्या बाटल्या सोबत असू द्याव्यात, आत भरायला नळ आहेत.

समुद्राकडच्या दारातून शिरून आम्ही आधी नाट्यगृहांकडे वळलो. मोठं नाट्यगृह पाचेक हजारांचं, उतारावर टेकलेलं, आणि शेजारी लहान, छपराचं. मोठ्याच्या मागचं खांबांचं पटांगण आधी प्रेक्षकांना हिंडाफिरायला होतं, इ.स. ६२ च्या भूकंपानंतर ग्लॅडिएटरांची बराक झालं. कालची शिरस्त्राणं इथली. इथल्या एका खोलीत दागिने घातलेल्या बाईचा सांगाडा सापडला आणि श्रीमंत बाई आपल्या ग्लॅडिएटरला चोरून भेटायला आली असताना ज्वालामुखीने गाठलं, अशी कथा तयार झाली. त्याच खोलीत आणखी कितीतरी माणसांचे सांगाडे होते, हे कथा सांगणारे गाळतात. पळता पळता आडोसा शोधलेली ती माणसं.

तरी ग्लॅडिएटरांवर जीव टाकणाऱ्या बायका नव्हत्या असं नाही. गावातल्या एका भिंतीवर खरवडलंय की सेलाडस हा थ्रेशियन पद्धतीने लढणारा गडी म्हणजे पोरींचा उसासा. अर्थात, ते सेलाडसनेच स्वतः खरवडलं असण्याची शक्यता मी नाकारणार नाही.

मुख्य रस्त्याने पूर्वेकडे जाताना भिंतींवर निवडणुकीच्या घोषणा आणि खेळांच्या जाहिराती रंगवलेल्या. गावात सापडलेल्या अशा जाहिरातींतली एक मला पाठ आहे. नीरोचा पुरोहित डेसिमस लुक्रेशियस सात्रियस व्हालेन्स २० जोड्या देणार, त्याचा मुलगा १० जोड्या देणार, ८ ते १२ एप्रिल, शिवाय शिकार, शिवाय छत असेल. लढणाऱ्यांत कोण आहे, याचा पत्ता नाही. देणारा कोण ते आधी आणि मोठ्या अक्षरांत. छताचं आश्वासनही त्यातच. कोपऱ्यात मात्र रंगाऱ्याने स्वतःला घुसवून घेतलंय : एमिलियस सेलेरने हे एकट्याने, चांदण्यात लिहिलं.

गावाच्या अगदी टोकाला, तटबंदीच्या कोपऱ्यात प्रेक्षागृह. इ.स.पू. ७० च्या सुमाराचं, दगडी प्रेक्षागृहांपैकी आज उभं असलेलं सगळ्यात जुनं. कोलोसियमच्या दीडशे वर्षं आधीचं. खाली तळघर नाही. रिंगण जमीन खणून खोल केलं, ती माती कडेला रचून बैठका उचलल्या, दोन बाजूंना गावाचा तटच टेकायला घेतला. वर जायचे जिने बाहेरून. ताईने मान्य केलं की कमीत कमी खर्चात यापेक्षा चांगलं करता आलं नसतं. खर्च केला क्विंक्टियस व्हाल्गस आणि मार्कस पोर्शियस या दोन अधिकाऱ्यांनी. लहान नाट्यगृहही याच जोडीचं. लेखात लिहिलंय की पदाच्या मानापोटी, स्वतःच्या पैशाने बांधलं आणि ही जागा वसाहतकऱ्यांना कायमची दिली.

पण त्यांनी दगडी बाकं दिली नव्हती. लोक मातीच्या उतारावर बसत. बाकं नंतर आली, एकेक पाचर करून. रिंगणाच्या कठड्यावरचे लेख वाचले तर कळतं की पुढच्या अधिकाऱ्यांपैकी काहींनी खेळ आणि रोषणाई देण्याऐवजी बाकांचा एकेक विभाग बांधून दिला. पदावर आल्यावर काहीतरी देणं भागच होतं. चार दिवसांचा खेळ लोक विसरतात, बूड टेकायला मिळालेला दगड विसरत नाहीत, एवढं त्यांना नक्की कळत होतं. सगळ्या बाजू अर्थात पूर्ण झाल्या नाहीत, आणि आज त्या भागांत गवत आहे. १९७१ मध्ये एका इंग्रजी रॉक बँडने इथे एकाही तिकीटधारकाशिवाय वाजवलं होतं, त्याचे फोटो कमानीखालच्या बोळात लावलेले आपण पूर्वी पाहिले होते असं ताईची मुलगी सांगत असते. आमच्या वेळी बोळ रिकामा होता.

बाहेरच्या कमानींवर पूर्वी आणखी काही मजकूर रंगवलेले होते. एक असा : 'नगर अधिकाऱ्यांच्या परवानगीने ही जागा नेयस अनिनियस फोर्तुनातसने घेतली आहे.' फेरीवाल्याचा परवाना! खेळाच्या दिवशी कमानीखालची मोक्याची जागा दुसऱ्याने बळकावू नये म्हणून. कालच्या चित्रातल्या झाडांखालचे तंबू असल्याच कुणाचे असणार.

प्रेक्षागृहाजवळच्या फाटकाने बाहेर पडलो तर समोर लिंबांच्या ढिगामागे सरबतवाले ओळीने उभे. एकेकाचा लिंबू डोक्याएवढा. ताईने सरबत हातात घेतलं, पैसे दिले आणि त्या पोराला खुणांनी विचारलं, परवाना आहे का? त्याने गाडीच्या दांड्याला टांगलेला कागद तत्परतेने दाखवला. शिक्क्यासकट.